होडीचा वाटा

कोकणात पारंपरिक मासेमारीची होडी किनाऱ्याला लागली की मिळकतीचे वाटे पडतात. होडीत जितकी माणसं होती तितके वाटे तर पडतातच, शिवाय एक जाळ्याचा पडतो आणि होडीचाही पडतो. किती, ते गावागावाला बदलतं, पण पडतो हे नक्की. होडी मासे खात नाही. तिच्या वाट्याच्या पैशातून नवा दोर येतो, रंग येतो, बुडाची गळती बुजवली जाते. घसारा हा शब्द किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नव्हता तेव्हापासून त्याची ही सोय आहे.

चार चुलतभाऊ मिळून घरची म्हणून एखादी जुनी मोटरहोडी घेतात तेव्हा नेमका हाच वाटा विसरला जातो. मे महिन्यात सगळे मूळ घरी जमलेले असतात, मागच्या माडांच्या पलीकडे खाडी असते, रात्री जेवणं झाल्यावर खळ्यात विषय निघतो आणि किंमत भागिले चार एवढं गणित करून माणसं झोपायला जातात. पहिलं वर्ष छान जातं. दुसऱ्या वर्षी इंजिनाची दुरुस्ती निघते, तेव्हा कळतं की होडी चौघांची आहे पण तिचा खर्च कुणाचाच नाही.

सामाईक मालकीची आपल्याला सवय नाही असं नाही. सातबाऱ्यावर तीस-तीस नावं असतात, एका विहिरीवर चार घरांचे पंप असतात, आंब्याच्या एका कलमावरून दोन पिढ्या बोलणं टाकतात. पण जमीन दुर्लक्ष सोसते. आमराईत पाच वर्षं कुणी फिरकलं नाही तरी झाडं उभी राहतात, कमी का होईना पण धरतात. होडीचं तसं नसतं. खाऱ्या पाण्यात चाललेलं इंजिन गोड्या पाण्याने न धुता ठेवलं की एका पावसाळ्यात आतून मिठाने गच्च होतं. म्हणून भावकीची वहिवाट जमिनीला चालते, होडीला चालत नाही.

होडी बघायला जायच्या आधीच एक आकडा ठरवावा. जुन्या ब्रिटिश नोंदणीत जहाजाच्या मालकीचे ६४ भाग धरत. आपल्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने ते दहावर आणले आणि एका जहाजाला एका वेळी दहाहून जास्त व्यक्ती मालक म्हणून लावता येणार नाहीत असं ठरवलं. ती मोठ्या जहाजांची गोष्ट, खाडीतल्या होडीला ते कलम लागत नाही. पण पैशाचे दहा भाग करण्याची कल्पना फार सोयीची आहे. चौघांचे दोन-दोन भाग, उरलेले दोन होडीचे. हिशेबाला सोपं जावं म्हणून समजा, होडीसाठी २,००,००० रुपये द्यायचे आहेत. तर प्रत्येकाने ५०,००० नव्हे, ६२,५०० काढायचे. जमलेल्या अडीच लाखांतले ५०,००० विक्रेत्याला दाखवायचेसुद्धा नाहीत. ते होडीचे. ज्याला ६२,५०० जड वाटतात त्याला ५०,००० ही पुढे जड जाणार आहेत, आणि हे आधी कळलेलं बरं.

आता कुठली होडी. खाडीत फिरायचं, गळ टाकायचा, पलीकडच्या काठावरच्या आत्याकडे जायचं, एवढंच काम असेल तर १६ ते १८ फुटांची, पाचेक फूट रुंदीची फायबर होडी आणि ९.९ किंवा १५ अश्वशक्तीचं मागे लटकणारं इंजिन पुरतं. किनाऱ्यावर या इंजिनाला सगळे ओबीएम म्हणतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांना ४० अश्वशक्तीचं हवं असतं, कारण पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्यांवर ते असतं आणि होडी पाण्यावर उचलून पळते. पण पूर्ण वेगात दर दहा अश्वशक्तीमागे तासाला साधारण चार लिटर पेट्रोल जातं, जुन्या टू-स्ट्रोकला त्याहूनही थोडं जास्त. म्हणजे ४० ला तासाला सोळा लिटरच्या वर. आधी हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा, मग मत विचारावं.

बघायला जायचा उत्तम काळ मे महिन्याचा शेवट. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झापांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, शाकारायची वेळ आलेली असते आणि ज्याला विकायची आहे त्याला तो खर्च नको असतो. शिवाय होडी जमिनीवर असते, बूड दिसतं. तोटा एकच, इंजिन पाण्यात चालवून बघता येत नाही. म्हणून जमिनीवर पाहायचं, जुजबी विसार द्यायचा आणि उरलेली रक्कम पाण्यातल्या चाचणीनंतर, असं लिहून घ्यायचं. बादलीत खालचा भाग बुडवून सुरू करून दाखवलेलं इंजिन म्हणजे चाचणी नव्हे.

फायबरच्या सालीपेक्षा होडीचा मागचा फळा आधी बघावा. ज्यावर इंजिन लटकतं तो हा फळा. बांधणारे त्याला ट्रान्सम म्हणतात. तो वरून फायबर दिसतो, पण आत प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट त्यातून आरपार गेलेले असतात आणि बोल्टच्या भोकाला सीलंट लावलेलं नसलं की तिथून पाणी आत झिरपतं. फायबर ते पाणी बाहेर पडू देत नाही. लाकूड आतल्या आत कुजतं, वरून रंग चकचकीत. कामात काटकसर करणाऱ्याने मरीन प्लायऐवजी साधा प्लाय घातला असेल तर हे लवकर होतं. तपासायचं असं: इंजिन तिरकं वर करायचं, एकाने त्याचा पंख्याजवळचा खालचा पाय धरून अंगाचा भार टाकत हळूहळू खालीवर हलवायचा आणि दुसऱ्याने डोळे फळा आणि होडीची बाजू मिळते त्या सांध्यावर ठेवायचे. सांधा उघडझाप करत असेल, फळा कागदी पुठ्ठ्यासारखा श्वास घेत असेल, तर आत भुसा आहे. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फळ्यावर वितीवितीने ठोकत जायचं. निरोगी जागी टणक, कोरडा आवाज येतो. कुजक्या जागी बद्द. शेवटी मालकाची परवानगी घेऊन खालचा एक बोल्ट काढायला सांगायचा. भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं तर बोलणं तिथेच थांबवता येतं, किंवा किंमत निम्म्यावर आणून पुढे नेता येतं. कुजलेला फळा दुरुस्त होतो. आतली साल कापायची, ओलं लाकूड खरवडून काढायचं, १८ मिमीचे दोन मरीन प्लाय एकमेकांना चिकटवून बसवायचे आणि वर मॅट-रेझिनचे थर चढवायचे. पण ते काम जाणत्याचं. हौशी मेहुणा ‘मी करतो’ म्हणाला तर त्याला एवढंच सांगावं की कोबाल्ट आणि हार्डनर ही रेझिन घट्ट करणारी दोन रसायनं थेट एकमेकांत कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग शेवटी हार्डनर.

बुडाचं बघणं त्यामानाने सोपं. खिट्ट्या, कडी, हुक यांच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर त्या वरच्या थराच्या असतात, घाबरायचं कारण नाही. बुडाच्या मध्यावर लांबीच्या दिशेने गेलेली चीर मात्र वाळूवर, दगडावर आपटून आलेली असते आणि ती आतपर्यंत जाते. आतून त्याच जागी हात फिरवून बघावा. बुडाला फोड आले असतील तर एक फोडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर पाणी फायबरच्या थरांत शिरलंय. दोन-चार फोड चालतात. अंगभर असतील तर होडी बराच काळ सतत पाण्यात ठेवलेली आहे. नुकताच रंग दिलेल्या होडीकडे आणखी संशयाने बघावं. विकायच्या आधी रंग देणारा माणूस एकतर फार टापटिपीचा असतो किंवा फार हुशार. दुसरे जास्त भेटतात.

बाकांच्या आत फोम भरलेला असतो, होडी भरली तरी बुडू नये म्हणून. तो फोम पाणी प्यायला लागला की ज्याने तारायचं तोच ओझं होतो. बाहेरून ओळखायची खूण म्हणजे शेवाळाची रेघ. मूळ रंगाच्या पट्ट्याच्या चार बोटं वर शेवाळ चढलेलं असेल तर होडी रिकामी असतानाही तेवढी खाली बसते आहे.

इंजिनाकडे वळताना पहिलं काम हात लावण्याचं. वरचं झाकण काढून इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवायचा. तुम्ही पोचायच्या आधीच ते कोमट असेल तर थंड असताना ते सुरू व्हायला त्रास देतं हे मालकाला माहीत आहे. मग दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जावं. नंतर प्लग काढायचे. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळं, तेलकट असेल तर तेल जास्त किंवा कार्ब्युरेटर बिघडलेला. पांढरंफटक असेल तर इंजिन तापत होतं. गंज किंवा पाण्याचा थेंब दिसला तर हेडच्या गॅस्केटमधून पाणी शिरतंय. प्लगच्याच भोकात काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं मीटर लावता येतं. मेकॅनिककडे ते असतं, त्याला सोबत न्यायची मजुरी वाचवू नये. आकडा किती आला यापेक्षा दोन सिलिंडरांच्या आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. एक १२० आणि दुसरा ८५ असेल तर ते इंजिन विकत घेत नसतात, सुट्या भागांच्या भावाने मागत असतात.

मग खालच्या पेटीचं तेल. पंख्याच्या मागे गिअरची पेटी असते, तिला खाली एक आणि वर एक असे दोन स्क्रू. खालचा थोडा सैल करायचा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत शिरलेलं असेल तर आधी तेच येतं. तेल दुधाळ, ताकासारखं आलं तर सील गेलंय. बोटावर घेऊन उन्हात धरल्यावर चमकी दिसली तर गिअर खाल्ले जातायत. सील जायचं नेहमीचं कारण तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. पाण्यात वाहत आलेली तंगूस पंख्यामागे गुंडाळली जाते, फिरून फिरून तापते आणि सीलला करवतीसारखी कापते. म्हणून हंगामात एकदोनदा पंखा काढून मागे बघायचं असतं, आणि नवं तेल भरताना खालच्या भोकातून वर चढवायचं असतं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पेटी भरली असं उगाच वाटतं.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण घरगुती होड्यांची इंजिनं सर्वांत जास्त त्यातच जातात. चालू इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत उडत असते. ती कोमट आणि सरळ असायला हवी. धार बारीक झाली किंवा थांबली तर इंजिन लगेच बंद. पुष्कळदा कारण अगदी फुटकळ असतं: कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचं घर केलेलं असतं किंवा मिठाचा खडा बसलेला असतो. तांब्याची बारीक तार घालून मोकळं होतं. तार घालूनही धार येत नसेल तर आतला इम्पेलर गेला. हा तळहातापेक्षा लहान रबरी पंखा. पाकळ्या वाकवून घरात बसवलेला असतो, आणि आठ महिने इंजिन न चालवता ठेवलं की त्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात. कोरडं इंजिन सुरू केलं तर मिनिटाच्या आत करपतात. ‘फक्त आवाज ऐकू’ म्हणून अंगणात स्टार्टरची दोरी ओढणारा पुतण्या घरोघरी असतो. त्याचं हे शिक्षण पहिल्या दिवशी व्हावं. इम्पेलर दर वर्षी, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा होडी उतरवायच्या आधी बदलायचा, चांगला दिसत असला तरी. पाकळी तुटलेली निघाली तर तिचा तुकडा शोधायचा, कारण तो पुढे पाण्याच्या वाटेत जाऊन बसलेला असतो.

इंधनाचं थोडक्यात. टू-स्ट्रोक इंजिनाला ५० ला १ हे प्रमाण असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल. तेल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं. स्कूटरचं टू-टी नव्हे. स्कूटरचं इंजिन वाऱ्याने थंड होतं, त्याच्या तेलात राख धरणारी द्रव्यं असतात आणि ती पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात साचतात. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल खाडीकाठच्या दमट हवेतलं पाणी शोषतं, ठरावीक मर्यादेनंतर ते पाण्यासकट टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि पहिला घोट इंजिनाला त्याचाच मिळतो. जुनी रबरी नळीही त्याने फुगते. म्हणून लागेल तेवढंच आणावं. आणि इंजिन आधी रॉकेलवर चालवलेलं होतं का, हे विचारावंच. रॉकेलसाठी बांधलेली इंजिनं वेगळी असतात, ती पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर घेतात आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणतात. पेट्रोलच्या इंजिनाला स्वस्ताईसाठी रॉकेल पाजलेलं असेल तर आत कार्बनचे थर असतात.

होडी एकाकडून आणि इंजिन दुसऱ्याकडून घेणार असाल तर टेप सोबत ठेवा. फळ्याची उंची १५ इंच असेल तर आखूड पायाचं इंजिन, २० इंच असेल तर लांब पायाचं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या पातळीला किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा खातो, फार खाली गेली तर होडी पाणी ओढत चालते आणि पहिल्या ओहोटीला पंखा चिखलात रुततो. इंजिनाला एक जस्ताचा ठोकळाही असतो, समुद्राने ॲल्युमिनियमऐवजी आधी तो खावा म्हणून. निम्मा झिजला की बदलायचा. जुन्या इंजिनावर तो अगदी नवाकोरा दिसला तर खूश होऊ नये. त्याला रंग फासलेला असतो आणि मग समुद्र इंजिन खात असतो.

कागद. यंत्रावर चालणारी होडी नोंदणीशिवाय पाण्यात घालता येत नाही. मासेमारीची नोंद असलेल्या होडीचं काम मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे, बाकीच्यांचं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात. खाडी-नदीत चालणाऱ्या यांत्रिक होड्यांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे, त्यात तपासणी आणि नोंदणी दोन्ही येतात. मासेमारीची होडी घेऊन त्याच कागदावर भावकीने सहली करणं चालत नाही. उपयोग बदलायचा तर नोंद बदलायला लागते. होडी किंवा इंजिन सरकारी अनुदानातून घेतलेलं असेल तर विक्रीवर अटी असू शकतात, हे परवाना अधिकाऱ्याला आधीच विचारावं. बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज फिटल्याचा दाखला, इंजिनाचं मूळ बिल, आणि बिलावरचा नंबर इंजिनाच्या पट्टीवरच्या नंबराशी ताडून बघणं, एवढं झाल्याशिवाय पैसे हलवू नयेत. मागे लटकणारं इंजिन दोन माणसं रात्रीत उचलून नेऊ शकतात. ज्या इंजिनाची नंबरपट्टी घासलेली आहे ते कुणाच्या तरी होडीवरून तसंच उतरलेलं असतं.

नोंदणीत चौघांचीही नावं असावीत. ‘गावातल्या भावाच्या नावावर टाकू, धावपळ वाचेल’ हा सल्ला सगळ्यांना पटतो, पण अपघात झाला तर मालक म्हणून तोच एकटा उभा राहतो, आणि त्याच्या पश्चात होडी त्याच्या वारसांकडे जाते. बाकी तिघांकडे फक्त जुन्या फोटोंचा अल्बम.

पाण्यातली चाचणी सकाळी घ्यावी, मतलई वारा पडलेला आणि खारा वारा अजून उठायचा असतो तेव्हा. जितकी माणसं नेहमी बसणार तितकी बसवून. रिकाम्या होडीत कुठलंही इंजिन पळतं. अर्धा तास सावकाश, मग काही मिनिटं पूर्ण वेगाने, मग बंद करून दहा मिनिटांनी गरम असताना पुन्हा सुरू. इंजिन ओरडतंय पण होडी पुढे जात नाही असं झालं तर पंख्याच्या आतला रबर सुटलाय. परत आल्यावर होडी वर घेऊन तळाचं बूच काढायचं आणि किती पाणी निघतं ते बघायचं. बोट बुडवून चव घ्यायची. गोडं असेल तर पावसाचं किंवा धुतल्याचं, खारट असेल तर होडी गळते. चाचणीतसुद्धा जॅकेट सगळ्यांच्या अंगात हवं आणि गर्दीच्या वाटेपासून दूर जायला हवं. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात घारापुरीच्या प्रवासी बोटीला धडकलेल्या नौदलाच्या बोटीवर इंजिनाचीच चाचणी चालू होती. आपलं इंजिन लहान असेल, पण चाचणीच्या दिवशी ते काय करेल हे आपल्यालाही ठाऊक नसतं.

एवढं सगळं नीट पार पडतं आणि मग होडी भांडणात बुडते. भांडण बहुधा पैशावरून सुरू होत नाही, सुटीवरून होतं. सगळ्यांना तेच दिवस हवे असतात: मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे आणि दिवाळीनंतरचे चार दिवस. गणपतीतही हवे असतात, पण तेव्हा खाडीला पुराचं पाणी असतं, होडी शाकारलेलीच बरी. तारखा वाटून घेणं हा उपाय सुचतो, पण खाडीवर तारीख चालत नाही, तिथी चालते. जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दक्षिणेकडे भरती त्याहून थोडी आधी येते आणि खाडीत जितकं आत जावं तितकी उशिरा, तेव्हा आपल्या जेटीचा फरक चार दिवस बघून ठरवायचा. आता वाटणी बघा. ज्याच्या वाट्याला पौर्णिमेचा शनिवार-रविवार आला त्याला दुपारी उधाणाचं भरपूर पाणी मिळतं, पोराबाळांना घेऊन फिरायला उत्तम. पण सकाळ-संध्याकाळ जेटीसमोर चिखल. अष्टमीवाल्याला भांगाचं पाणी, कमी चढणारं. भरती पहाटे आणि संध्याकाळी, गळ टाकायला झकास, पण दुपारी होडी उताणी. म्हणून आठवडे मोजून वाटू नयेत. कुणाला गळ आवडतो आणि कुणाला सहल, हे बघून तिथीने वाटावेत. मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, मालवणकडे त्याच्या साधारण निम्मं, त्यामुळे उत्तर कोकणातल्या खाड्यांवर ही वाटणी जास्तच जपून करायला लागते.

करार लेखी हवा. महाराष्ट्रात आता ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, भावाभावांत कागद कशाला म्हणणाऱ्याला तेवढ्या रकमेचा चहा पाजावा आणि सही घ्यावी. त्यात लिहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दरवर्षी होडीचा वाटा किती आणि कुठल्या महिन्यात भरायचा. वापरणाऱ्याने टाकी होती तितकी भरून ठेवायची आणि इंजिन चाललेल्या दर तासामागे ठरावीक रक्कम खात्यात टाकायची. ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च गावातल्या भावाने कुणाला न विचारता करायचा, त्यावरच्याला चौघांपैकी तिघांची संमती. कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा भाग आधी उरलेल्यांनी घ्यायचा, मुदत तीन महिने, किंमत दर नारळी पौर्णिमेला मिळून ठरवून वहीत लिहिलेली. मोडतोडीचा नियम सैल ठेवावा. पंखा खडकाला लागला तर तो कुणाच्या हातून लागला याची चौकशी बसवू नये. होडीच्या वाट्यातून नवा आणावा. चौकशी बसली की पुढच्या वेळी लागलेलं कुणी सांगत नाही, आणि न सांगितलेला वाकडा पंखा शाफ्टचं सील घेऊन जातो.

आणि गावातला भाऊ. होडी धुणं, दोर बदलणं, उधाणाच्या रात्री बॅटरी घेऊन नांगर बघायला जाणं हे सगळं त्याच्या अंगावर पडतं, आणि ‘तो काय, तिथेच तर असतो’ एवढ्यावर मिटतं. त्याचा वार्षिक वाटा माफ करावा. ही मेहरबानी नव्हे, मजुरी आहे, आणि बाजारभावाने बघितली तर कमीच आहे.

एक मर्यादा मात्र मतदानाला ठेवू नये: खाडीच्या तोंडाबाहेर जायचं नाही. तिथे वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर धावतं, समोरून समुद्राची लाट येते, दोघांची गाठ उथळ दांड्यावर पडते आणि लाट एकदम उभी राहून फुटते. आतून बघताना तिची पाठ दिसते, म्हणून ती लहान वाटते.

पावसाळ्याआधीची कामं मेअखेरीस, सगळे घरी असतानाच उरकावीत. इंजिन गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल, दोरी हाताने हळू दोनदा ओढायची, प्लग परत. गिअरपेटीचं तेल आत्ताच बदलायचं, ऑक्टोबरात नव्हे. आत पाणी असेल तर ते चार महिने बेअरिंगला गंजवत बसतं. इंजिन उभंच ठेवायचं, आडवं नाही, आणि नळीला उंदीर लागू नयेत म्हणून ती वर टांगायची. होडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच करून, बुडाला तीन ठिकाणी आधार देऊन, बूच काढून, वर झापं.

हे बूच म्हणजे अंगठ्याएवढा स्क्रू. ऑक्टोबरात होडी उतरवताना ते लावायला विसरणं हा किनाऱ्यावरचा सर्वांत जुना अपघात. होडी जेटीलाच, सगळ्यांसमोर, डब्यांसकट भरते. त्यावर उपाय असा की बूच आणि इंजिनाची लाल दोरी एकाच कडीत अडकवायची. ही लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असते, तो पाण्यात पडला तर ती सुटते आणि इंजिन थांबतं. तिच्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. मग जून ते ऑक्टोबर ती जोडी देवघराबाहेरच्या खिळ्याला, हिशेबाच्या वहीशेजारी. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, टाकीत उरलेलं पेट्रोल, आणि होडीच्या खात्यात शिल्लक किती.